खेड्यातल्या लहान चर्चचा इतिहास लिहायचा आहे, सुरुवात कुठून करावी? (नागपूर जिल्हा)

पास्टरेट_चिटणीस

नमस्कार मंडळी. जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चची स्मरणिका काढायचं कमिटीत ठरलं आहे. चर्च मुळात स्कॉटिश मिशनचं, १९७० पासून सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). दारावरच्या पाटीवर 'स्थापना १८४५' रंगवलंय आणि व्हरांड्यातल्या कोनशिलेवर विसाव्या शतकातलं साल आहे. हाताशी आहे ते असं: बाप्तिस्म्याची दोन रजिस्टरं, लग्नाचं एक, सेशनच्या (मंडळीच्या वडीलजनांच्या सभेच्या) इतिवृत्ताची एक वही (अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी), एक घंटा आणि मागच्या कबरस्थानात पंचवीस-तीस कबरी. जमिनीचे कागद चर्चमध्ये नाहीत. कोणतं साल धरायचं आणि काम कोणत्या क्रमानं करायचं, ते जाणकारांनी सांगावं. आठवणी नकोत, पद्धत हवी.

जुने_दप्तर

१८४५ हे साल तुमच्या गावाचं नाही, नागपूरचं आहे. त्या वर्षी स्टीफन हिस्लॉप फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा झालं १८५४ मध्ये. सुरुवातीचं काम नागपूर शहर आणि कामठी छावणीत होतं. खेड्यात कायमची मंडळी उभी राहायला पुढे बराच काळ गेला. पण स्कॉटिश मुळाच्या चर्चांना मिशनचं साल आपलंच वाटतं आणि रंगाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही.

'स्थापना' या एका रकान्यात पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, त्या आधी सुट्या करा. त्या गावच्या माणसाचा पहिला नोंदलेला बाप्तिस्मा. नियमित उपासना सुरू झाली ते साल (ती बहुधा शाळेत किंवा कुणाच्या ओसरीवर असते). जागा मिळाली ते साल. इमारतीचं अर्पण. आणि स्वतंत्र पास्टरेट (एका पाळकाच्या हाताखालचा विभाग) झालं ते साल. पाचही सालं वेगवेगळ्या कागदांत सापडतात. कोनशिला फार तर चौथ्याबद्दल बोलते, तीही मूळ जागी असेल तर. दुरुस्तीच्या वेळी जुनी शिळा काढून नव्या भिंतीत बसवतात, किंवा दुरुस्तीचीच शिळा पुढे मूळची म्हणून वाचली जाते.

दोन चाळण्या लावून ठेवा. पहिली: 'हिस्लॉपसाहेबांनी पायाभरणी केली' असं कुठे लिहिलेलं असेल तर साल बघा. टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री ते बोरीजवळच्या नाल्यात बुडाले. त्यानंतरची पायाभरणी त्यांच्या नावावर टाकता येत नाही. (हिस्लॉप कॉलेजही १८८३ चं, त्यांच्या पश्चात वीस वर्षांनी.) दुसरी: छापील फॉर्मच्या डोक्यावरचं नाव. फ्री चर्च १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च झालं, ते १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळालं. इकडे १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया उभं राहिलं आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा चर्चसंस्था मिळून सीएनआय झालं. मात्र मथळा 'छपाई याआधीची नाही' एवढंच सांगतो. खेड्यात जुने फॉर्म संपेपर्यंत वापरत.

सदर_छावणी

वरच्यात भर. मूळ स्कॉटिशच होतं, हे आधी रजिस्टरवरून पक्कं करा. सीएनआयमध्ये अँग्लिकनही (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेचे) आले, आणि नागपूरचा अँग्लिकन बिशपप्रांत वेगळा होता. पहिले बिशप आयर चॅटर्टन, १९०३ पासून. अँग्लिकन मंडळीत दृढीकरणाचं (कन्फर्मेशनचं) रजिस्टर आणि बिशपच्या भेटीची नोंद मिळते. प्रेस्बिटेरियनात, म्हणजे स्कॉटिश परंपरेत, त्याऐवजी सेशनचं इतिवृत्त आणि प्रभुभोजनाची यादी. तुमच्याकडे सेशनची वही आहे म्हणजे अंदाज बरोबर दिसतो. शेजारच्या गावच्या कॅथलिक नोंदी बघायची वेळ आली तर त्या लॅटिनमध्ये असतील. त्यांचा एक फायदा असा की बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या कडेला पुढे त्याच माणसाच्या लग्नाची टीप असते.

कामठीची छावणी १८२१ ची, मद्रास फौजेची. तिथल्या जुन्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मद्रास विभागात आहेत, मुंबईच्या नाही. लोक मुंबईत शोधून थकतात. पण त्यांत बहुतेक गोरे आणि अँग्लो-इंडियन. गावच्या माणसांसाठी एडिंबराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमधली मिशनची पत्रं आणि अहवाल जास्त कामाचे. मागताना तुमच्या गावाचं नाव देऊ नका. मिशनच्या अहवालात लहान गावं मुख्य ठाण्याखाली (मिशनच्या केंद्राखाली) येतात, म्हणून ठाण्याचं नाव आणि वर्ष द्या.

रेकॉर्डरूम

जमिनीचं मी सांगतो. नागपुरात मालगुजारी होती (गावाचा मालक आणि सरकारला सारा भरणारा तो मालगुजार), त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातली इनाम-वतनाची पुस्तकं वाचून इथे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. गावची आबादी आणि पडीक मालगुजाराच्या ताब्यात असे. मिशननं जागा घेतली ती मालगुजाराकडून, खरेदीनं किंवा दानानं, कधी नुसत्या तोंडी. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. म्हणून त्या तारखेच्या आधी आणि नंतर जागेवर कोणाचं नाव आहे, ही दोन्ही टोकं बघायची.

क्रम उलटा ठेवा, आजकडून मागे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही), मग गावठाणातली जागा असेल आणि मोजणी झालेली असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), बाहेर असेल तर सातबारा. तिथून फेरफार. फेरफारावरून १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, तिच्यामागे खसरा आणि बंदोबस्ताची (जुन्या सरकारी जमीन-आकारणीची) मिसल. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना मौजा, तालुका, पटवारी हलका नंबर, बंदोबस्त नंबर आणि जुना खसरा नंबर, एवढं लिहा. नुसतं गावाचं नाव लिहून अर्ज केला की परत येतो, कारण खापरी, बोरी, पिपळा या नावाची गावं जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत.

गाडी अडते ती जुन्या-नव्या नंबरांत. शेतजमिनींच्या एकत्रीकरणानंतर गट नंबर बदलले. जुना खसरा नंबर घेऊन आजच्या नकाशावर शोधलं तर भलत्याच शेतात पोचाल. जोड देणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढा.

आणखी एक दप्तर चर्चवाले विसरतात: कोतवाल बुक. जातपडताळणीसाठी अख्खा विदर्भ ते काढतो, म्हणून कर्मचाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. गावच्या जन्ममृत्यूची नोंद, वडिलांचं नाव, जात. जातीच्या रकान्यात एखाद्या घरापुढे 'ख्रिस्ती' किंवा 'किरिस्ताव' कधीपासून लागायला लागलं, ते साल तुमच्या पहिल्या बाप्तिस्म्याशी ताडून बघा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. जुळवणी वडिलांचं नाव आणि तारीख यांवरच करावी लागते. काही जुनी पानं मोडीत असतात. वाचणारा सोबत ठेवा.

विश्वस्त_नोंद

ट्रस्टचं थोडक्यात. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं, म्हणून आधी मध्यप्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाग मुंबई राज्यात आल्यावर पुढे मुंबईचा १९५० चा. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा काढा. खेड्यातल्या चर्चचा स्वतंत्र नंबर नसेल, मालमत्ता मूळ संस्थेच्या यादीत असेल. स्मरणिकेत मालकीबद्दल एक ओळही लिहू नका. वाद चालू असेल तर तीच ओळ उद्या कोर्टात निशाणी म्हणून लागते.

कवेलू

इमारत स्वतः बरंच बोलते, पण खोटंही बोलते. छपरावरचं इंग्रजी कवेलू (मंगळुरी कौल) उतरवून पाठ बघा. 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि खाली १८६५ असा ठसा असेल तर चर्च १८६५ चं म्हणून नाचू नका. ते कारखान्याचं स्थापना साल. पुढची कित्येक दशकं तेच छापलं जात होतं. त्याच सालाखाली 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' असं नाव असेल तर कवेलू पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण बासेल मिशनचे कारखाने तेव्हा त्या कंपनीकडे गेले. शिवाय रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये. त्याआधी मंगळूरचा माल खेड्यापर्यंत येईल कसा? त्याआधीचं छप्पर देशी कवेलूचं किंवा गवताचं समजा. एका छपरावर चार कारखान्यांची कवेलू सापडतात, कारण दर एक-दोन वर्षांनी फेरताना फुटकी बदलतात. म्हणून पाखाच्या मधल्या रांगेतली आणि कडेची अशी वेगवेगळ्या जागची वीस-पंचवीस बघा. जो ठसा सगळ्यात जास्त, तो मूळच्या किंवा मोठ्या दुरुस्तीच्या मालाचा.

लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या कमरेवर (मधल्या उभ्या पट्टीवर) उठावात नाव असतं. डॉर्मन लाँग म्हणजे इंग्लंडचा माल. टाटाचं पोलाद १९१२ पासून.

भिंत: जिथे गिलावा सुटलाय तिथे सलग दहा विटा मोजून सरासरी घ्या, एक वीट मोजून काही कळत नाही. मग व्हरांडा किंवा वेदीची बाजू मूळ भिंतीला मिळते तिथला सांधा बघा. दोन्हीकडच्या विटा एकमेकींत गुंतल्या असतील तर काम एकाच वेळचं. सांधा वरपासून खालपर्यंत सरळ चिरेसारखा उतरत असेल तर तो भाग मागून जोडलेला. तुमची कोनशिला व्हरांड्यात आहे ना? हे आधी बघा. व्हरांडाच नंतरचा असेल तर शिळेवरचं साल व्हरांड्याचं आहे.

आणि जयंतीच्या उत्साहात चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची थांबते, मीठ आतल्या आत साचतं, आणि काही पावसाळ्यांत गिलावा विटेची साल घेऊन पडतो.

उमरेड_नाक्यावरचा

घंटेचं बी सांगा न भाऊ. आमच्याकडं सारे म्हणून राह्यले का घंटेवर जे साल असन तेच चर्चचं साल.

कवेलू

घंटा फिरते हो. एका ठाण्याचं काम बंद पडलं की घंटा दुसऱ्या गावी जाते. 'नेलर विकर्स, शेफिल्ड' असं उठावात असेल तर ती कास्ट स्टीलची, एकोणिसाव्या शतकातली. साल ओतकामाचं, टांगल्याचं नाही. अक्षरं रंगाखाली बुजली असतील तर घासू नका. वर पातळ कागद धरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवा, ठसा कागदावर उठतो. वाजवून बघण्याआधी लोळी (घंटेची जीभ) कशावर टांगली आहे ते बघा. कातडी पट्टा वाळून तुटलेला असतो आणि कोणीतरी तार गुंडाळून ठेवलेली असते.

पास्टरेट_चिटणीस

सगळ्यांचे आभार. रजिस्टरांचं विचारतो. एकाची पानं सुटली आहेत, मागे कोणीतरी चिकटपट्टी लावली आहे, शाई पिवळट तपकिरी झाली आहे, कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घ्यावं असं कमिटीत दोघांचं म्हणणं आहे.

कसर_नको

लॅमिनेशन अजिबात नाही. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही, आणि लोहयुक्त शाईचं आम्ल आत बंद होतं. चिकटपट्टी ओढू नका, शाईसकट निघेल. आहे तशी राहू द्या.

कसरीसाठी: रजिस्टर कागदात गुंडाळून जाड प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि वजा २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईनं उघडली तर थंड कागदावर दव धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा चालत नाही, तेवढं तापमान उतरतच नाही.

फोटो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पावसाळ्यात पानं सर्द होऊन चिकटतात, आणि आपल्या मे महिन्यात ती पापडासारखी मोडतात. रजिस्टर १८० अंशांत उघडू नका, दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल देऊन जेमतेम १२० अंशांपर्यंत. फोन स्टँडवर, पानाला समांतर. एका बाजूला खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल. फ्लॅश बंद. १२ मेगापिक्सेलचा फोटो लांबीला ४००० पिक्सेल असतो. साडेतेरा इंच उंचीचं फुलस्केप पान चौकटीत पुरं भरलं तर इंचाला सुमारे ३०० पडतात, तेवढे पुरे. दोन पानं एका फोटोत घेतली की सव्वादोनशेच्या आसपास येतात, मग बारीक अक्षरं फुटतात.

पुठ्ठा, कोरी पानं, शेवटच्या पानावरचा हिशेब, सगळं घ्या. पाळक बदलल्याचा किंवा फॉर्म मागवल्याचा शेरा तिथेच असतो. फिकट शाईसाठी फोटो संगणकावर उघडून फक्त निळा चॅनेल बघा. तपकिरी शाई निळा उजेड शोषते म्हणून तिथे ती काळी दिसते. मूळ पानावर कसलाही पाणी-औषधाचा प्रयोग नको.

नोंदी उतरवताना प्रत्येक गोष्टीला दोन रकाने: 'लिहिल्याप्रमाणे' आणि 'प्रमाणित'. Yeshwant, Eshwant, Jashvant असली इंग्रजी स्पेलिंगं पहिल्या रकान्यात जशीच्या तशी, 'यशवंत' दुसऱ्यात. गावांचंही तेच. तारखेत ३/४ असेल तर ३ एप्रिल की ४ मार्च? त्याच हाताच्या इतर नोंदीत बारापेक्षा मोठा आकडा कुठल्या बाजूला येतो ते बघा. तरी सुटलं नाही तर दोन्ही तारखांचा वार काढा. बाप्तिस्मे बहुतेक रविवारी होत, जी तारीख रविवारी पडते ती धरा आणि शेऱ्यात तसं लिहा.

धंतोली_वकील

लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचं आहे, त्यावर पेन चालवू नका. चूक दिसली तरी कलम ७८ प्रमाणे दुरुस्ती नोंद ठेवणाऱ्या अधिकृत माणसानंच, कळल्यापासून महिन्याच्या आत, लग्न झालेल्या दोघांसमोर (ते नसतील तर दोन साक्षीदारांसमोर), समासात, मूळ नोंद न खोडता, सही-तारखेसह करायची असते. स्मरणिका समितीचं ते काम नाही.

बघण्यासारखं काय, तर एकतर नोंद कोणत्या भागाखालची आहे. दीक्षित पाळक नसलेल्या गावी कलम ९ चा परवाना असलेला माणूस सहाव्या भागाखाली देशी ख्रिस्त्यांचं लग्न प्रमाणित करी, आणि ते रजिस्टर इंग्रजीत किंवा देशी भाषेत चाले. तुमचं मराठीत असेल तर गावात त्या काळी पूर्णवेळ पाळक नसावा, उपदेशकावर काम चालत असावं. दुसरं, दोन साक्षीदार. वीस वर्षांच्या साक्षीदारांची नावं एकत्र मांडा, मंडळीचा कणा कोण होता ते आपोआप दिसतं. वधूचं वय चौदा दिसलं तर दचकू नका. कलम ६० ची मूळ अट मुलाला सोळा आणि मुलीला तेरा वर्षांवर एवढीच होती.

वाळूचा_दगड

कबरींबद्दल. कामठीच्या वाळूच्या खडकाचे दगड असतील तर ब्रश लावायच्या आधी बोटानं हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला की वरची पापडी सुटलेली आहे, त्याला हातच लावू नका. काळ्या दगडावर साधं पाणी आणि मऊ नायलॉन ब्रश चालतो. तारेचा ब्रश, आम्ल, खडू, पीठ काहीही नको. पिठावर बुरशी येते. अक्षरं वाचायला उजेड तिरपा हवा. पूर्वेकडे तोंड असलेले उभे दगड दुपारी बाराच्या जरा आधी वाचा, बाकीच्यांवर आरशानं बाजूनं ऊन फेका, किंवा अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरा.

आधी कबरस्थानाचा नकाशा काढा, रांगेनं नंबर द्या, मग वाचा. बिनदगडाच्या उंचवट्यांनाही नंबर द्यायचा. मृत्यूच्या नोंदी ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ मध्ये एकदम दाट झाल्या असतील तर ती मानमोडीची साथ, आणि त्या कबरींवर दगड क्वचितच असतो. तसंच बाप्तिस्म्याच्या नोंदी १८९७ आणि १९०० च्या आसपास एकदम वाढल्या असतील तर दुष्काळ. त्यातली मुलं मिशनच्या अनाथगृहातली असू शकतात. 'गावातली मंडळी वाढली' असा निष्कर्ष पालकांचं गाव बघितल्याशिवाय काढू नका.

उमरेड_नाक्यावरचा

म्हातारे लोकं काही कमी सांगतात का जी? पन साल इचारलं का 'लई जुनी गोष्ट हाय' म्हणून मोकळे होतात.

जुने_दप्तर

साल विचारायचंच नाही. खुंट्या द्यायच्या: बाबासाहेबांच्या दीक्षेच्या (१४ ऑक्टोबर १९५६) आधीचं की नंतरचं? मालगुजार होता तेव्हा की गेल्यावर? सीएनआय झालं तेव्हा पाळक कोण? लग्न झालेलं होतं का, पहिलं मूल किती वर्षांचं होतं? दोन खुंट्यांमध्ये गोष्ट अडकली की पाच-सात वर्षांच्या आत येते. 'चर्च कोणी बांधलं' विचारलं तर गोऱ्या साहेबाचं नाव येईल. 'विटा कुठल्या भट्टीच्या, पाणी कोणी वाहिलं, सुतार कोण' विचारलं तर गावातली नावं येतात. स्मरणिकेत नसतात ती हीच.

पास्टरेट_चिटणीस

पाटीचं काय करावं? १८४५ पुसलं तर मंडळी नाराज होतील.

जुने_दप्तर

पुसू नका, त्याला त्याच्या जागी ठेवा. 'नागपुरात मिशनकार्याचा आरंभ १८४५', त्याखाली 'या गावी पहिला नोंदलेला बाप्तिस्मा' आणि साल, त्याखाली 'इमारतीचं अर्पण' आणि साल. सांध्याची तपासणी होईपर्यंत तिसरी ओळ रंगवू नका. जयंती कोणत्या सालाची करायची ते मंडळीनं ठरवावं, इतिहास लिहिणाऱ्यानं नाही.

आता सेशनच्या वहीबद्दल, कारण अडचण तिथेच येणार आहे. तिच्यात शिस्तीची प्रकरणं असतात: कोणाला प्रभुभोजनापासून किती महिने दूर ठेवलं आणि का. दारू, दुसरं लग्न, पोळा-दिवाळीत भाग घेतला म्हणून. नातवंडं गावातच आहेत. नावं छापू नका, पण प्रकरणं गाळूही नका. 'एका सभासदाला' एवढं पुरतं, आणि मंडळीचं जगणं त्यातच सगळ्यात जास्त दिसतं. मूळ जातीचे शेरेही तसेच, आकड्यात चालतील, घराच्या नावानं नाही. छपराच्या खर्चाचे ठराव मात्र तारखेसकट पूर्ण छापा. कवेलूभाऊंनी सांगितलेले ठसे त्यांच्याशी ताडले की कोणतं छप्पर कधीचं ते बसतं.

कसर_नको

फोटोंच्या फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि शून्यं लावून द्या, म्हणजे दहावं पान दुसऱ्याच्या आधी येत नाही. तीन प्रती करा: एक पास्टरेटमध्ये, एक डायोसिसच्या (बिशपप्रांताच्या) कार्यालयात, एक गावाबाहेरच्या कोणाकडे. मूळ रजिस्टरं लोखंडी पेटीत ठेवणार असाल तर पेटी भिंतीपासून वीतभर दूर, विटांवर, आणि पावसाळ्याआधी एकदा उघडून बघा. पाळकांची बदली होताना रजिस्टरं पानांच्या संख्येसह लिहून ताब्यात द्या-घ्या. खेड्यातल्या नोंदी वाळवीनं कमी आणि बदलीच्या सामानातून जास्त गेल्या आहेत.